सरजाबाईची मूठ

किनवटकडच्या एका आश्रमशाळेत सरजाबाईने एकतीस वर्षं स्वयंपाक केला. रोज तीनशे पोरांचं वरण शिजायचं आणि त्यात मीठ पडायचं ते तिच्या मुठीनं. कधी खारट नाही, कधी अळणी नाही. निरोपाच्या दिवशी मुख्याध्यापकांनी भाषणात हेच सांगितलं, आणि नांदेडला लेकाच्या फ्लॅटवर पोचेपर्यंत सरजाबाईने ते भाषण निम्म्या गाडीला ऐकवलं होतं.

पण नांदेडला पहिल्याच दिवशी घात झाला. तिघांच्या वरणात तिने तीनशेंचा हात मारला. लेक आनंदराज बिचारा दोन तांबे पाणी प्याला. सून धम्मप्रिया दुसऱ्या दिवसापासून हसून म्हणायला लागली, "आई, मीठ मी टाकते." टाकायची तेही चमच्याने, वरून बोटाने सपाट करून. असे चार महिने गेले. भाकरी सरजाबाई थापायची, फोडणी सरजाबाई द्यायची, मीठ मात्र सुनेचं. सरजाबाईच्या ते जिव्हारी लागलं होतं. एकतीस वर्षांची अब्रू एका वरणात गेली, ही काय साधी गोष्ट झाली?

बैठकीत काचेच्या टाकीत धम्मप्रियाचा सोनेरी मासा होता. पोट सुटलेलं, तोंड सारखं चालू, म्हणून त्याचं नाव शेठ. कचेरीतून आल्यावर धम्मप्रिया आधी त्याच्याशी बोलायची, मग चप्पल काढायची. मार्चात शेठच्या अंगावर रवा सांडावा तसे पांढरे ठिपके उठले. त्याने खाणं टाकलं आणि तळाच्या खड्यांना अंग घासत बसला.

धम्मप्रियाने माशांच्या दुकानवाल्या मल्लेशला फोन लावला. तो म्हणाला, "ठिपक्यांचा रोग हाय ताई. खडे मीठ टाका. लिटरला दोन ग्राम, तीन दिवसांत थोडं थोडं, विरघळवून. पण हात जपून. जास्ती झालं तर मासा जाईल."

आनंदराज रेल्वेच्या ड्युटीवर दोन आठवडे बाहेरगावी होता. घरात वजनकाटा नव्हता. धम्मप्रियाने चमचा घेतला, पण खडे कधी चार बसत, कधी सात. चमचा खाली ठेवून ती रडवेली झाली. "यात किती ग्राम, हे कोण सांगणार आता?"

सरजाबाई दारातून बघत होती. तिने विचारलं, "टाकीत पाणी किती?"

"साठ लिटर."

"म्हंजे चार घागरी. आता ऐक. किलोच्या पुड्यात माझ्या पंचवीस मुठी निघत्यात. सव्विसावी कधी निघाली न्हाई. कर तुझा हिशोब."

धम्मप्रियाने फोनवर आकडे मारले. मुठीला चाळीस ग्राम. टाकीला लागतात एकशेवीस. तीन दिवस, तीन मुठी. तिने सासूच्या मुठीकडे पाहिलं, आणि तिला ते वरण आठवलं हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

"आई, राग मानू नका, पण..."

"मानून राहिले की राग!" सरजाबाई म्हणाली. "जा, तोलून आण."

तिने तीन मुठी तीन कागदांत बांधल्या. धम्मप्रिया खालच्या किराणा दुकानात जाऊन आली. चेहरा गोंधळलेला. "एक्केचाळीस, एक्केचाळीस आणि बेचाळीस."

"मग? कागदाला वजन नसतं का? अन् तिसऱ्या पुडीचा कागद मोठा हाय, बघ."

धम्मप्रियाने पुड्यांतलं मीठ तीन वाट्यांत ओतून कागद एकावर एक ठेवले. तिसरा खरंच मोठा होता. तिने एक वाटी उचलली आणि सासूच्या हातात दिली.

पुढचे तीन दिवस सरजाबाई मीठ तांब्यात विरघळवून टाकीच्या कोपऱ्यातून धारेधारेने सोडत होती. नंतर दर दोन दिवसांनी घागरभर पाणी काढायचं, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घागरभर घालायचं, आणि तेवढ्याच पाण्याचं मीठ, पाऊण मूठ. धम्मप्रियाने चमचा पुन्हा काढला नाही. पाचव्या दिवशी ठिपके विरळ झाले. बाराव्या दिवशी शेठ वर आला आणि दाण्यासाठी काचेवर तोंड आपटायला लागला. सरजाबाईचा ऊर भरून आला. तीनशे पोरं जेवली काय आणि एक मासा जेवला काय, तिला आनंद तेवढाच झाला.

त्या संध्याकाळी आनंदराज परतला. गॅसवर वरण उकळत होतं. धम्मप्रियाने मिठाची बरणी उघडली आणि सासूपुढे सरकवली.

"आई, मीठ टाका."

"किती जणांचं?" सरजाबाईने विचारलं.

"तिघांचं," धम्मप्रिया म्हणाली आणि दोघी खळखळून हसल्या.

सरजाबाईने तीन बोटांनी मीठ उचललं, वरणात सोडलं आणि हात पदराला पुसला. मग ती सरळ ताटं मांडायला वळली. चव बघायची तिला गरज वाटली नाही, आणि धम्मप्रियानेही बघितली नाही.