माळकऱ्यांच्या घरची विळी

मी एक जुनी विळी आहे, आणि मित्रांनो, मला कुणाचाच भरवसा वाटत नाही. आता तुम्ही म्हणाल, आल्या आल्या हे काय बोलणं? पण ऐका तर! ज्या बाईच्या हाताखाली माझा सगळा जन्म गेला ती बाईच तशी. मग मी वेगळी कुठून होणार?

पहिल्यापासून सांगते. पौडच्या आठवडे बाजारात एक लोहार बसायचा. बैलगाडीच्या चाकाला लोखंडाची धाव असते ना, तसली एक झिजलेली धाव तापवून, ठोकून त्यानं माझं पातं केलं आणि खाली बाभळीचा पाट बसवला. माझं पातं अजून गरम होतं म्हणा ना, तेवढ्यात माले गावच्या गोजराबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. मला उचललं, उलटं केलं, पात्याचा वास घेतला. वास! लोखंडाचा!

"धावंचंच पातं हाय ना? का कुटल्या डब्याचा पत्रा ठोकलाय?"

लोहार म्हणाला, "आवं बाई, ह्या धावंवर गाडी पार मुंबईला जाऊन आलीया."

"मंग दमली आसंल की!"

असं म्हणून त्यांनी शेजारच्या बाईच्या ढिगातली एक काकडी उचलली आणि माझ्यावर चर्रकन कापली. काकडीवाली ओरडली, "आन माझ्या काकडीचं काय?"

"ती बी बघायची हुती. कडू हाय का ते," गोजराबाई म्हणाल्या आणि फोड तोंडात टाकून चालायला लागल्या. काकडी गोड होती. पण घरी पोचेपर्यंत त्यांना तिचाही संशय येत होता, एवढी गोड कशी म्हणून.

तर अशी मी त्या घरात आले. उन्हाळ्यात तर मला क्षणाची उसंत नसायची. बाजाराच्या दिवशी गोजराबाई पौडहून पाटी भरून आणायच्या. गवार, वांगी, शेवग्याच्या शेंगा, कैऱ्या, हिरवी करवंदं. पाटी खाली ठेवली की तपासणी सुरू! गवारीची शेंग मोडून बघायची, कट् असा आवाज आला तर ठीक. वांगं कानाशी नेऊन हलवायचं. मग माझी पाळी. मी वांग्याचे दोन भाग केले की त्या आत अशा डोकावायच्या, जशी काही आत कुणी माणूस लपलाय. आणि मित्रांनो, कधी कधी आत अळी निघायचीच! मग काय विचारता, बाईंचा चेहरा असा फुलायचा. "बगा! मी म्हनलं न्हवतं?"

पण रांधायच्या मात्र सुरेख. कैरी मी चिरायची, त्या गूळ-मिरची घालून तिचं लोणचं करायच्या. तांदळाची भाकरी, वांग्याचं भरीत, करवंदाची चटणी. येणारेजाणारे म्हणायचे, ह्या घरातली भाजी एकसारखी चिरलेली असते. ते कौतुक माझं होतं! मी काही बोलले नाही, पण चमकले.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि सगळ्याचं मूळ तीच आहे. हे घर माळकऱ्यांचं. गोजराबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यांचे मालक हैबतराव, त्यांच्याही गळ्यात माळ. घरात मटण नाही, मासळी नाही, अंडंसुद्धा नाही. म्हणून मला कधी शेजारी उसनंसुद्धा दिलं नाही. शेजारच्या तुळजाबाई एकदा मागायला आल्या, तर गोजराबाई तोंडावर म्हणाल्या, "तुमी तिच्यावर काय चिराल, मला काय म्हाईत?" तुळजाबाईंनी ते मनात धरून ठेवलं. मला दिसत होतं ना! येता-जाता माझ्याकडे अशा बघायच्या, की मीच पाट आवळून बसायची.

मग गोजराबाईंच्या मुलाचं, जयसिंगाचं लग्न झालं. तो पुण्याला कामाला होता. सून आली रत्ना, ताम्हिणी घाटाच्या खालची, कोकणातली. काम करायला चुणचुणीत. पण गोजराबाई तिच्याकडेही वांग्यासारखंच बघायच्या. रत्ना विहिरीवर गेली की नवऱ्याला म्हणायच्या, "तिकडं मासळी खात्यात. पोर गोड बोलती, पन जीब तिकडचीच."

हैबतराव भाकरी मोडत म्हणायचे, "आगं, लगीन झाल्यावर सोडलं तिनं सगळं."

"सोडलं म्हनती!"

त्या वैशाखात गोजराबाईंना चांदे गावाला जावं लागलं. बहिणीच्या घरी बारसं होतं. चार दिवस राहायचं ठरलं. जाताना त्यांनी रत्नाला इतक्या गोष्टी बजावल्या की एस्टी चुकायची वेळ आली. आणि मग पहिल्यांदाच, मित्रांनो, बाजाराची पाटी रत्नाच्या डोक्यावर गेली!

ती आली तेव्हा घामानं निथळत होती पण हसत होती. पाटीत वर गवार, कांदे, थोडं सुकं खोबरं. आणि तळाला, पळसाच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी. माझं सगळं लक्ष तिकडेच. काय आहे? लपवून का आणलंय? दुसऱ्या दिवशी सकाळी हैबतराव रानात गेल्यावर तिनं पानं सोडली. आत एक हिरवा, काटेरी, नारळाएवढा गोळा. मी तसलं काही चिरलेलं नव्हतं. आमच्याकडे फणस यायचा तो पिकलेला, आणि तो हातानं नाहीतर कोयत्यानं फोडायचे.

आणि मग तिनं काय केलं माहीत आहे? माझ्या पात्याला तेल लावलं!

मी हादरलेच. एवढ्या वर्षांत मला कुणी तेल लावलं नव्हतं. आज एवढे लाड कशाला? ही माझ्याकडून असं काय कापून घेणार आहे? कोकणातली आहे, सासू घरात नाही, दार ओढून घेतलंय... माझ्या पात्याला काटा आला.

पण तिनं गोळा माझ्यावर दाबला, आणि आतून दुधासारखा पांढरा चीक आला. मांसातून कधी दूध येतं का? नाही ना! तेव्हा माझा जीव पाटात पडला. रत्ना आपल्याशीच पुटपुटत होती, "कातकऱ्यांच्या लिलाबाईजवळ होता गं बाई. वाऱ्यानं पडलेला कोवळा फणस. कुणी हात लावत नव्हतं त्याला. आमच्याकडं आईनं ह्याची भाजी केली की गडीमाणसं ताट चाटतात. मामंजींना एकदम ताटातच दाखवते."

तिनं फोडी उकडल्या, ठेचल्या. कांदा-खोबरं भाजून वाटण केलं. फोडणी दिली, आणि काय वास सुटला! तिखट, खमंग, दाट. लालभडक रश्शात फणसाचे दोरे सुटलेले. सालं तिनं मागच्या दारी टाकली, तर तुळजाबाईंची शेळी आली आणि सगळी खाऊन गेली.

दुपारी हैबतराव जेवायला बसले. एक घास घेतला, थांबले. दुसरा घेतला. मग नुसते जेवत राहिले. वाटी पुढे केली. रत्नानं वाढलं. पुन्हा पुढे केली!

आणि तेवढ्यात दारात तुळजाबाई! विस्तव मागायला आल्या होत्या. हातात खापर. आत पाऊल टाकलं, नाक वर केलं, ताटाकडे बघितलं, आणि म्हणाल्या,

"भावजी, माळ काढून ठेवली व्हय?"

हैबतरावांचा घास हातातच राहिला. त्यांनी बोटातला तो लाल दोरा बघितला.

"मटण नाही, मामंजी!" रत्ना घाईघाईनं म्हणाली. "फणस आहे तो. कोवळा फणस."

"फनस?" तुळजाबाई हसल्या. "फनस पिवळा आसतुया, गोड आसतुया. मला शिकवतीस? सालं कुटं हायेत मग?"

"तुमच्या शेळीनं खाल्ली."

"आता शेळीवर घाल!"

आणि मित्रांनो, खोटं वाटेल तुम्हाला, पण त्याच वेळी गोजराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. बोचकं काखेत, पाय धुळीनं भरलेले. बारसं झाल्या झाल्या निघाल्या होत्या. कारण काय, तर स्वप्नात त्यांना चुलीवर दूध उतू जाताना दिसलं!

तुळजाबाईंनी एका दमात सगळं सांगितलं. गोजराबाईंनी ऐकलं, आणि सरळ माझ्याकडे आल्या. पात्यावर बोट फिरवलं. तेल!

"विळीला त्याल कशाला लावलंस?" आवाज इतका हळू, की मलाच घाम फुटला. "काय पुसाया?"

"आत्याबाई, फणस चिरताना..."

"गप!" हैबतराव एकदम उठले. आपल्यावर शेकणार असं त्यांना वाटलं असावं. "आगं, मी खाल्लंय, मला इचार की! मटनच हाय. तीच चव. तसाच दोरा, दातात अडकतुया तसा. फशिवलं मला ह्या पोरीनं!"

"उद्याच्या गाडीला हिला माहेरी पोचवा," गोजराबाई म्हणाल्या. "आन ही विळी बाटली. वढ्यात टाकते."

रत्ना भिंतीला टेकून उभी. रडत नव्हती. नुसती बघत होती, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं. मला ओरडावंसं वाटत होतं. फणस आहे, फणस! मी स्वतः कापलाय! पण विळीला कोण विचारतं?

गोजराबाईंनी मला पाटाखालून घट्ट धरलं, दारात नेलं आणि अंगणात भिरकावलं. मी आपटले. आता ओढ्यापर्यंत न्यायला त्या पुन्हा वाकल्या, आणि थबकल्या. त्यांच्या मुठीचं काहीतरी झालं होतं. बोटं उघडेनात! कशीबशी उघडली, तर बोटाबोटांच्या मध्ये पांढरट तारा ताणल्या गेल्या. माझ्या पाटाखाली, जिथं रत्नाचं तेल पोचलं नव्हतं, तिथं चीक साचून राहिला होता ना!

त्यांनी घागरीतलं पाणी हातावर घेतलं. चोळलं. चीक जाईना. राख घेतली. आणखी चिकटलं.

रत्ना हळूच तेलाची वाटी घेऊन आली. "पाण्यानं नाही जायचा, आत्याबाई. तेलच लागतं त्याला."

गोजराबाईंनी तेल लावलं. चीक सुटला. त्यांनी बोटांचा वास घेतला, एकदा, दोनदा. पात्यावरच्या तेलाकडे बघितलं. मग सुनेकडे. मग तुळजाबाईंकडे.

"तुळजे, तुजी शेळी कुटं हाय?"

शेळी कुडापाशीच होती. तिच्या दाढीला पाचोळा चिकटला होता, आणि ती बिचारी चिकानं चिकटलेले ओठ सोडवून घेत उभी होती. एकाचे दोन होईनात. तुळजाबाईंनी शेळीकडे बघितलं, खापर उचललं आणि विस्तव न घेताच गेल्या.

"मटनाला चीक कुटला आलाय?" गोजराबाई म्हणाल्या. घरात आल्या, भाजीच्या पातेल्यात बोट बुडवून चाखलं. डोळे मिटून चावलं.

"फनस हाय."

रत्नाचा अडकलेला श्वास सुटला. मला तो अंगणातून ऐकू आला. आणि हैबतराव? ते तर हसायलाच लागले. "बग, मला वाटलंच हुतं! चांगली पोर हाय. मी तर म्हनतच हुतो..."

"आवं," गोजराबाई म्हणाल्या. हळू. तोच मघाचा आवाज. "मला चव लागली फनसाची. मला न्हाई कळलं, मटनाची आसती तशी हाय का न्हाई. मी कवा खाल्लंच न्हाई. तुमाला कशी वळखू आली?"

हैबतराव म्हणाले, "आँ?"

"तीच चव, म्हनलात. कुटली तीच?"

"आगं, ल्हानपनी..."

"माळ तर तुमच्या आज्यानं पाळन्यात घातली हुती."

"न्हाई, म्हंजी, आपलं लोक म्हनत्यात..."

"लोक म्हनत्यात, आन दातात तुमच्या अडकतुया?" गोजराबाई त्यांच्या पुढ्यात बसल्या. "पोराला भेटाया जातो म्हनून पुन्याला जाता. तितं काय खाता?"

"पिठलं."

"पिठल्याला दोरा आसतुया?"

हैबतराव हातसुद्धा न धुता रानात गेले. त्या दिवशी रानात काही कामच नव्हतं! आणि त्यानंतर ते पुण्याला कधी एकटे गेले नाहीत. जयसिंगाला भेटायला दोघं जायचे. एस्टीत हैबतराव आत खिडकीशी, आणि वाट अडवून गोजराबाई.

सुनेला त्या काही बोलल्या नाहीत. चुकलं वगैरे म्हणायची त्यांची रीत नव्हती. पण अंगणातून मला त्यांनी स्वतः उचलून आणलं, पुसलं, आणि रत्नासमोर ठेवून विचारलं, "कातकरनीकडं आजून हायेत का तसलं फनस? पुढच्या बाजारी आपुन दोघी जाऊ. तू एकली निवडशील ते मला पटायचं न्हाई." रत्ना हसली. मी पण.

पुढं कितीतरी उन्हाळे मी त्या घरातल्या भाज्या चिरल्या. मग जयसिंगानं पुण्याहून लाकडी मुठीचा चकचकीत चाकू आणला. आता मी रांजणामागे असते. तिथं ओल येते. माझ्या पात्यावर तांबूस डाग पडलेत. कधी कधी आठवडाभर कुणी बघत नाही, आणि त्या चाकूबद्दल मला काय काय वाटतं ते मी सांगत नाही. पण वैशाख लागला, कोवळा फणस आला, की रत्ना त्या चाकूला बाजूला ठेवते आणि मला बाहेर काढते.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला ओली ठेवू नका. काम झालं की पुसा, पातं मिटवा, रांगतं मूल असेल तर उंचावर ठेवा. आणि शंका म्हणाल, तर ती येऊ द्या, खुशाल येऊ द्या. पण कुणाचं बोचकं दाराबाहेर ठेवण्याआधी भाजी एकदा चाखा. माहेरची एस्टी काय, परवासुद्धा असतेच.