एक वाईट सांगा

"चांगलं सगळेच सांगतात हो. मला एक वाईट सांगा, म्हणजे माणूस दिसेल."

हे बाबांचं वाक्य. मी सात-आठ वर्षांची असेन, लेथखालच्या ढलप्यांत बसून खेळायचे, आणि वरून तो आवाज यायचा. मऊ, लाकडात हळूहळू मुरणाऱ्या तेलासारखा. समोर नुकतंच रडून आलेलं कुणीतरी असायचं. कुणाचा नवरा गेलेला, कुणाची सासू. माणसं आधी गांगरायची, मग आठवून आठवून सांगायची, आणि सांगता सांगता हसू लागायची.

आमचा धंदा लाकडी अस्थिकलश करण्याचा, एकासारखा दुसरा नाही. तो दुसऱ्यासारखा होऊ नये ही सोय त्या एका वाइटातच होती. चिक्कू माणसाच्या कलशाचं तोंड बाबांनी इतकं अरुंद ठेवलं, की राख भरायला घरच्यांना चमचा शोधावा लागला. एका बाईंना इकडचं तिकडे करायची सवय होती. त्यांचं झाकण मुद्दाम किंचित सैल केलं. सुनेने ते हलवून पाहिलं, कट्‌कट्‌ वाजलं, आणि तोंडावर हात धरून म्हणाली, अगदी आमच्या सासूबाई.

बाबांना जाऊन महिना झाला. स्मशानातून मिळालेला, नंबर लिहिलेला प्लास्टिकचा डबा कारखान्यात खिडकीजवळच्या फळीवर होता. रविवारी दादा येणार होता, चार नातेवाईक बोलावले होते, तोवर कलश व्हायला हवा होता. बाबांनीच जपून ठेवलेला अक्रोडाचा ठोकळा मी काढला. पण तो लेथवर चढवायचा तर त्यांचं एक वाईट हवं, आणि ते घरच्यांकडूनच यायला हवं. कातणाऱ्याने पदरचं घालायचं नाही, हा बाबांचा दंडक. मी घरचीही आणि कातणारीही. माझ्याजवळ जे होतं ते कुठल्या खात्यात धरायचं, मला कळेना.

दादाला फोन केला. बाबांचं वाईट? त्याला ते विचारणंच वाईट वाटलं. असा माणूस पुन्हा व्हायचा नाही, म्हणाला. परक्यांचं दुःख हातात धरून बसायचे ते. तू आपलं काहीतरी छान, गुळगुळीत कर. त्याचं बरोबरच होतं. अठराव्या वर्षी घर सोडलेल्या मुलाच्या वाट्याला सुट्टीतले बाबा आले होते, आणि सुट्टीत बाबा चांगलेच असत.

शेजारचे पॉलिशवाले काका मात्र तयारच होते. "तुझ्या बापाने मला तीस वर्षांपूर्वी सांगितलं, चहा पाजतो. अजून उकळतोय." आम्ही दोघं खूप हसलो. पण त्यावर किटली झाली असती, कलश नाही.

आईला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ती चादरीची घडी घालत होती, आणि तिन्ही वेळा म्हणाली, काही नव्हतं गं, भले होते. तिच्या "भले" या शब्दाला दार होतं, पण कडी आतून. आई कारखान्यात कधी यायची नाही. भुशाने खोकला येतो, म्हणायची. बाबांचा जेवणाचा डबा न्यायला मी, निरोप न्यायला मी, आणि पुढे त्यांच्याबरोबर लेथवर उभी राहायलाही मीच.

शेवटी गुरुवारी दंडक मोडला आणि माझंच घातलं. बावीस वर्षं मी त्यांच्या शेजारी काम केलं, पण "छान" म्हणून ते कधी म्हणाले नाहीत. मी केलेल्या कलशाच्या काठावरून अंगठा फिरवायचे आणि बाजूला ठेवायचे. काठ चांगला की वाईट, ते अंगठ्याला ठाऊक आणि त्यांना. तेच मनात धरून मी पटाशी लावली. बाहेरून मोठा, भारदस्त, मिटलेला कलश उतरला. झाकण असं घट्ट की केसही जाऊ नये. मग नेहमीसारखी वाळू ओतून माप घेतलं, आणि दोन मुठी वाळू वर उरली. चारशेच्या वर कलश कातलेली मी. रागाच्या भरात भिंत जाड ठेवून बसले होते. बाबा त्यात मावणार नव्हते.

घरी नेऊन आईला दाखवला. तिने तो उलटा केला, बुडावर बोट फिरवलं, परत दिला. "हा तुझा आहे," म्हणाली. "त्यांचा नाही."

शनिवारी दुपारी मी उरलेल्या फळ्यांतून दुसरा ठोकळा शोधत होते, तर दारात आई. भिंतीला हात लावत आत आली. पायाखाली भुसा होता, पण तिला खोकला आला नाही. मी गिऱ्हाइकांची खुर्ची पुढे ओढली, तर म्हणाली, त्या खुर्चीवर नाही, आणि तशीच लेथला टेकून उभी राहिली.

"तुम्हा दोघांच्या आधी एक होती, तुला माहीत आहे."

माहीत होतं. अकरा दिवस जगलेली. तिचा कलश आईच्या कपाटात गोधड्यांच्या मागे असतो. लहानपणी एकदा मला दिसला होता. मुठीएवढा, आणि त्याचं तोंड नुकत्याच उघडलेल्या ओठांसारखं. बाबांनी आयुष्यात त्याच्यापेक्षा सुंदर काही केलं नाही. आईने तेव्हा कपाट लावून घेतलं होतं, माझं बोट सापडता सापडता राहिलं.

"ती गेली त्या सकाळी घरात माणसं होती," आई म्हणाली, "म्हणून मी इथे आले. म्हटलं, तिच्यासाठी एक लहानसं करा. तर मला खुर्चीवर बसवलं. आणि विचारलं."

मी हातातला ठोकळा खाली ठेवला.

"अकरा दिवसांच्या पोरीचं वाईट काय असतं गं? पण ते थांबले. पटाशी हातात धरून, शांत, सगळ्यांसाठी थांबायचे तसे. मला वाटलं, सांगितलं नाही तर करायचे नाहीत. मग सांगितलं. दूध नीट ओढत नाही, म्हटलं. माझ्या लेकीची मी तक्रार केली. ते 'बरं' म्हणाले आणि लेथकडे वळले. नंतर जो येई तो कलश हातात घेऊन त्यांच्या हाताची तारीफ करायचा. मी चहा द्यायचे."

मी म्हटलं, आई, त्यांना दुसरं काही येतच नसेल. तेही तुटलेच असतील त्या दिवशी.

"असतील. मी कुठे नाही म्हणते?" तिने लेथवरचा भुसा तळहाताने बाजूला केला. "पण पोर त्यांचीही होती. मी बायको म्हणून आले होते. त्यांनी मला गिऱ्हाईक केलं."