पलीकडच्या कातडीखाली

घिवलीत कुणाच्या वाडीत रानडुक्कर शिरलं की लोक आधी रामनाथला हाक मारायचे. वीस वर्षं हेच चाललं होतं. शेताच्या राखणीसाठी परवान्यावर घेतलेली त्याची बाराबोरची बंदूक, आणि वनखात्याची परवानगी हातात पडली की पहाटेपासून केळीच्या आड मुकाट बसणारा तो. गेल्या साली त्याचा चुलतभाऊ वारला आणि त्याच्या बंदुकीचा परवाना मुलाच्या, हर्षितच्या नावावर झाला. पोरानं दोन महिन्यांत दोन डुकरं पाडली. लोकांच्या तोंडी ‘हर्षितला सांगा’ बसलं, आणि रामनाथच्या पोटात जे दुखायला लागलं ते कशानं थांबेना. बायको सुलू तुळशीला पाणी घालताना हळूच म्हणायची, “देवा, यांच्या मनातला तेवढा विस्तव विझव.”

आज दोघं एकाच डुकरासाठी बसले होते. उजाडता उजाडता दांडगा सुळेवाला नर मिरचीच्या वाफ्यात आला. रामनाथनं आधी बार टाकला, मोठ्या छऱ्यांचं काडतूस, थेट खांद्यावर. डुक्कर कोलमडलं, उठलं आणि पळालं. पलीकडच्या बांधावरून हर्षितनं एकगोळी काडतूस उडवलं, छऱ्यांऐवजी एकच जड गोळी असलेलं. डुक्कर दचकलंसुद्धा नाही. शंभर पावलांवर नाल्याकाठी जाऊन मात्र पडलं ते उठलं नाही.

लोक जमले. खांदा रक्तानं माखलेला. बाकी अंगावर चिखलानं लिंपलेले केस, त्यात कुठं भोक दिसेना.

“रामनाथभाऊ, तुमचाच बार!” शेजारचा दादू ओरडला. “पोराची गोळी गेली गुजरातला!”

सगळे हसले. ज्याच्या बारानं डुक्कर पडलं त्यानं देवीपुढं नारळ फोडायचा, ही गावची रीत. कितीतरी दिवसांनी रामनाथला सकाळ गोड लागली.

पंचनाम्याला वनरक्षक आला, बोईसरहून गुरांचे डॉक्टर आले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी खांदा चिरला तसे छर्रे निघाले, सगळे चपटे होऊन कातडीतच रुतलेले. नराच्या खांद्यावर दोन बोटं जाड, ढालीसारखी कातडी असते, छऱ्यांनी तिथं नेम धरायचा नसतो, हे रामनाथला ठाऊक होतं. पण हर्षितच्या आधी आपला बार व्हावा म्हणून त्यानं घाई केली होती.

“फुप्फुस मात्र फाटलंय,” डॉक्टर म्हणाले. “छर्रा तर आत गेलेला दिसत नाही. मग कशानं?”

रामनाथ डुकराच्या चिरलेल्या फासळ्या उघड्या धरून बसला होता. कशानं ते त्याला कळलं. शिशाची गोळी अंगात शिरली की फुलते, तिचा जोर सरतो आणि ती पलीकडच्या कातडीखाली अडकून राहते. त्यानं हात आत घातला. बोटांना टणक गाठ लागली. डॉक्टर वनरक्षकाकडे वळले तेवढ्यात त्यानं ती काढून मुठीत घेतली. बोराएवढं शिसं, अजून कोमट.

“माजाच येखादा छर्रा शिरला असंल,” तो म्हणाला.

वनरक्षक लिहू लागला. तेव्हा हर्षित दादूच्या कानाशी वाकला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, “लिवू दे काकाचंच नाव. म्हातारपणी येवढा तरी नारळ फोडू दे. मला हायेत अजून डुकरं.”

दादू फिदीफिदी हसला. रामनाथच्या कानशिलात जाळ उठला. वीस वर्षं जो नारळ त्यानं स्वतःच्या हातानं मिळवला, तो हे पोर ताटातलं उष्टं सारावं तसं पुढं सारत होतं. त्यानं मूठ उघडली. डॉक्टरांच्या थाळीत शिसं ठण्णकन वाजलं.

“ही घ्या. याची गोळी.”

“कुठं होती?”

“पलीकडच्या कातडीखाली. तुमी तिकडं बगितलंच नाय.”

“मग मघाशी छर्रा कसं म्हणालात?” वनरक्षकानं रोखून विचारलं. रामनाथ रक्ताचे हात गवताला पुसू लागला. लिहिलेलं खोडलं गेलं.

हर्षितचा चेहरा उतरला होता. तो पाया पडायला वाकला. रामनाथनं पाय मागं घेतले.

“ते ऱ्हाऊ दे. किती पावलांवरनं मारलास?”

“साठ असतील, काका.”

“पळत्यावर?”

“हां.”

घरी सुलूनं दारातच तांब्या धरला. “खरं सांगितलंत म्हने. देवानंच बुद्धी दिली.”

“देवानं कसली? त्या पोराची भीक नको होती मला.”

ती हातावर पाणी घालत राहिली. मग म्हणाली, “मी जाऊन येते देवळात. हर्षित नारळ फोडंल तवा घरचं कुनीतरी दिसाया पायजे.”

ती गेल्यावर रामनाथ वाडीत उतरला. मिरचीच्या वाफ्यापासून बांधाकडे मोठमोठी पावलं टाकत मोजू लागला. छपन्न भरली. चार कमी भरली म्हणून त्याला जरा बरं वाटलं. मग वळून वाफ्याकडे बघितलं, तर तिथलं बुजगावणं बोटाएवढं दिसत होतं, आणि डुक्कर तर पळत होतं. तो परत वाफ्याशी गेला आणि या वेळी पावलं आखूड टाकून मोजू लागला.