कोरी पाठ

मले गप राहता येत नाई, हे आधीच सांगून ठेवतो. माही बायको धुरपता म्हणते, या माणसाले प्रश्न पडला का पोटात कळ आल्यावाणी करते. खरंच हाये थे. एकसष्ट सालच्या होळीले मले असाच एक प्रश्न पडला, अन् त्याच्यापायी मी सारा तांडा पालथा घातला.

आमचा तांडा फुलसावंगीपासून कोसभर. आमच्या बापजाद्यायनं बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान लादून मुलूख तुडवला. आम्ही आता कापसाची पराटी पेरतो. पण होळीची रीत तीच हाये. वर्षभरात ज्या घरी पोरगा झाला, त्या घरापुढे धुळवडीच्या दिवशी धुंड होते, म्हणजे त्या लेकराच्या नावानं सण. दारापुढे दोन खुंटे ठोकायचे, मंधात पुऱ्या-गूळ भरलेली पितळेची गुंडी करकचून बांधायची. गुंडीभोवती बाया, हातात ओले फोक, म्हणजे लवलवत्या छड्या. त्या गेरणी. माणसं म्हणजे गेरिये. एका गेरियानं वाकून खुंटे उपटायचे अन् गुंडी न्यायची. तवरोक बायायनं त्याले झोडून काढायचं. त्यानं हात उचलायचा नाई, फोक धरायचा नाई, शिवी द्यायची नाई. वर्षभर जी सून घुंगटातून वर पाहत नाई, थे बी त्या दिवशी दातओठ खाऊन मारते.

गेरियायचा म्होरक्या बावीस वर्षं मीच होतो. गुंडी निघाली का म्होरक्या सदरा काढून साऱ्यायपुढे पाठ दाखवते, अन् म्हाताऱ्या बाया वळावर हळद-तेल चोळते. अशी आमच्या तांड्याची चाल. मंग त्याची पंगतीत पहिली पत्रावळ. तांड्यात कोणाचं भांडण झालं तं नायकाच्या बाजूले बसून पोट्ट्यायले दोन शब्द सांगायचे, थे बी म्होरक्यानंच.

आता माहे गुडघे बोलून राह्यलते. रामधन नायक म्हणे, "धावजी, औंदा नवा माणूस दे." मी म्हटलं, "माहा पूनमसिंग हाये ना!" नायकाच्याच नातवाची धुंड होती. पूनमनं गुंडी काढायची, अन् सांजच्याले नायकानं त्याले म्होरक्याचं पागोटं बांधायचं, असं ठरलं. खोटं कायले बोलू, मले त्या पागोट्याची लय हौस होती.

पूनमसिंग चोवीस वर्षांचा. दोन वर्षं पांढरकवड्याच्या रस्त्यानं टरकावर क्लीनर होता, तिकडूनच मिशी अन् मस्ती दोन्ही घेऊन आला. अंगानं असा का बैलबंडीचं चाक एकटा उचलते. त्याले मीच घडवला. पडला तं रडू दिलं नाई, काटा रुतला तं ज्याचा त्यानं काढायचा. "मरदाले कोणी बोट लावलं नाई पाहिजे," हे मी त्याले उठता बसता सांगो.

तं धुळवडीले दुपारी पूनम वाकला. पहिला खुंटा हालवला. म्या डोळे मिटून घेतले, का आता पाठ फुटते पोराची. फोकाचा आवाजच नाई! डोळे उघडतो तं बाया फोक हातात धरून उभ्या. दुसरा खुंटा घट्ट होता, चिलीम भरून व्हावी इतका येळ त्याले लागला. तरी एकही फोक पडला नाई. पूनमनं गुंडी उपसली अन् डोक्यावर धरली.

पोट्टे बोंबलले, "बायायची हिंमतच झाली नाई! याले म्हणते मरद!"

माही छाती फुगली, कबूल करतो. पण पूनमनं सदरा काढला, अन् हळद-तेलाची वाटी घेऊन मानीबाई पुढे आली. मानीबाई म्हणजे गेरणींची म्होरकी, नात्यानं माही भोजाई, थोरल्या भावाची बायको. तिनं त्याची कोरी पाठ पाह्यली, वाटी जमिनीवर ठेवली, अन् चालती झाली.

झालं! लागली कळ माह्या पोटात. काहून मारलं नाई?

थकल्या असतीन म्हणावं, तं गुंडीमागं धावलेल्या दुसऱ्या गेरियाले, सेवादासाले, त्यायनं तिथंच असा बदडला का बिचाऱ्याचं धोतर सुटायची पाळी आली. भेल्या असतीन म्हणावं, तं याच बायायनं मांगच्या वर्षी रानडुकराले काठ्यायनं हाकललं होतं. नायकाचा मान ठेवला म्हणावं, तं खुद्द नायकाच्या जवानीत त्याची पाठ यायनं आठ दिवस जमिनीले टेकू दिली नव्हती.

चार घरी इचारलं, कोणी पत्ता लागू देईना; शेवटी गेलो मानीबाईकडे. थे अंगणात मोहाची फुलं वाळत घालून राह्यलती.

"भोजाई, आज हात आखडले का वं तुमचे?"

"हात बरे हायेत." तिनं वर पाह्यलं नाई.

"मंग माह्या पोरानं काय घोडं मारलं? त्याले एक बी फोक नाई?"

"तुले कायचं वाईट वाटून राह्यलं? गुंडी भेटली ना? पागोटं भेटते ना? जाय, पुऱ्या खाय."

"मानीबाई, मी बावीस वर्षं तुहा मार खाल्ला हाये. माहा इतकाही हक नाई का?"

तव्हा कुठं तिनं मान वर केली. तिचं तोंड पाहून मी चपापलो. राग नव्हता त्याच्यात. कीव होती. म्हणे, "तुले मारता येत होतं, धावजी, म्हणून मारलं. बाकीचं घरी इचार. घर सोडून साऱ्या तांड्यात कायले हिंडतं?"

आता सांगा, याच्यावर कोणाले घास गोड लागन? तडक घरी आलो. धुरपता चुलीपाशी होती. मी इचारलं. थे म्हणे, "तुमचं आपलं काहीतरीच." मी पुन्हा इचारलं. तिनं तवा उतरवून ठेवला.

"तुम्हाले सुनेचा हात माहीत हाये?"

"मी सासरा. मी कायले पाहू सुनेचा हात?"

"तेच तं. पौषात पूनमनं रामीचा हात पिरगाळला. भाकर थंडी होती म्हणून. पंधरा दिवस तिले दंडावरच्या चुड्या चढल्या नाई, इतकी सूज. नदीवर धुणं धुताना साऱ्या बायायनं पाह्यलं. त्याच्यानंतर अजून दोनदा झालं."

"अन् तू मले सांगतलं नाई?"

"सांगून? तुम्ही त्याले मारलं असतं. मंग त्यानं कोणाले मारलं असतं?"

तरी मूळचा प्रश्न राह्यलाच होता. मी म्हटलं, "बरं, मंग तं आज बायायनं त्याची चामडी सोलायची होती! मोका होता ना! काहून सोडला?"

धुरपता माह्याकडे असं पाह्यली का मी नुकताच या मुलखात आलो.

"जो उलटत नाई त्यालेच मारते, जी, बाया. हा खेळ त्या भरवशावरच हाये. पूनमले आम्ही दहा फोक मारले असते, तं रात्री घरी जाऊन त्यानं थे दहाही रामीच्या अंगावर मोजून दिले असते. आम्ही साऱ्यायनं सकाळीच ठरवलं होतं, का त्याले कोणी शिवायचं नाई."

मी खाली बसलो. खरं सांगतो, मले रडू आलं. मी त्याले सोसायले शिकवलं होतं, पण कायच्यासाठी सोसायचं, थे कधी सांगतलंच नाई. मले वाटे थे आपोआप समजते. कोणी बोट लावलं नाई पाहिजे म्हणो मी, अन् आज कोणी बोट लावलं नाई त्याले. माह्याच शब्दाले पोरगा जागला होता.

तेवढ्यात पूनम आत आला, पोट्ट्यायनं गुलाल लावलेला, तोंडभर हसू. "बा, चाल ना, नायक वाट पाहून राह्यला."

"रामीचा हात पिरगाळला तू?"

हसू गेलं. "कोणी सांगतलं? तिनं सांगतलं?" अन् त्याची नजर पटकन मांगच्या खोलीकडे गेली. त्या नजरेनंच मले सारं कळलं. "बायको हाये माही. घरातली गोष्ट हाये."

माहा हात वर गेला. धुरपतानं तो मनगटापाशी धरला. मांगच्या खोलीत चुड्या वाजल्या अन् एकदम थांबल्या. आतमंधी रामी उभी होती. हा हात पडला तं त्याचा हिशेब आपल्याले द्या लागन, हे तिले ठाऊक होतं. मी हात खाली घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मले माह्याच हाताची लाज वाटली.

"चाल," मी म्हटलं. "नायकाकडे चाल. धुरपता, सुनेले बी घे संगं."

नायक पागोटं मांडीवर घेऊन बसला होता. सारा तांडा जमलेला. मी मंधात जाऊन उभा राह्यलो. "नायक, पागोटं ठेवून द्या. धुंड झाली नाई."

"गुंडी तं निघाली!"

"निघाली, पण बिनमाराची. बायायनं माह्या पोराले मारलं नाई, कारण माह्या घरात तो सुनेवर हात टाकते. चूक त्याची हाये, अन् त्याच्याआधी माही. आजपासून सून आमच्या खोलीत, तिच्या सासूपाशी निजन. पूनम वावरातल्या मचाणावर. तिच्या अंगाले बोट लागलं तं मी स्वतः तिले बंडीत बसवून तिच्या बापाच्या तांड्यात पोचवून देईन, अन् पोराचं तोंड पाहणार नाई. नायक, तुम्ही गवाह."

पूनमचं तोंड काळंठिक्कर पडलं.

"अन् तुमच्या नातवाचा सण अर्धा कायले ठेवायचा? बांधा गुंडी. मी काढतो."

"तुहे गुडघे, धावजी..." नायक बोलून राह्यला होता.

"गुडघ्यायले कोणी इचारलं नाई."

खुंटे पुन्हा ठोकले. मी सदरा काढला अन् वाकलो. पहिला फोक मानीबाईचा. बाप्पा! डोळ्यापुढे काजवे चमकले. मंग तं पाऊसच. धुरपतानं बी हात धुऊन घेतले, बावीस वर्षात इतकं कधी मारलं नव्हतं तिनं. पहिला खुंटा निघाला. दुसऱ्याले हात घातला तं एक फोक असा पडला का जसा कोणी नुसता टेकवला. मी खालूनच पाह्यलं. लाल घुंगट. रामी.

"मार, सुनबाई. हा उलटत नाई."

दुसरा फोक जरा जोरात आला. तिसऱ्याले तिच्या तोंडून आवाज निघाला, रडण्याचा का रागाचा, कोण जाणे. मंग बाकीच्या बाया मांगं सरकल्या अन् एकटी रामी मारत राह्यली. मी खुंटा धरून बसलो होतो. उपटता येत होता, पण उपटला नाई. तिचं झाल्यावरच उपटला.

उठून उभा राह्यलो तं पाठीवरून रगत वघळून राह्यलं होतं. पूनम माह्यापुढे आला. मिशी-बिशी कुठंच दिसत नव्हती, नुसतं लेकराचं तोंड होतं. हळूच म्हणे, "बा, लय दुखते का?"

"मले कायले इचारतं? तिले इचार. पौषापासून इचारायचं राह्यलं तुहं."

रामी दहा पावलावर उभी होती. तो निघाला. चार पावलं चालला अन् थांबला, मंग आणखी दोन चालला. रामीनं फोक खाली टाकला नव्हता.