बोडीवर कोणी नाही

मित्रांनो, मी कॅमेरा आहे. पण लग्नात फोटो काढत फिरतो, तसला नव्हे. मला फिरणं ठाऊकच नाही. नवेगाव बांधच्या जंगलात एक बोडी आहे. बोडी म्हणजे लहानसं तळं. तिच्या काठावर एक लोखंडी खांब, आणि त्या खांबाला पट्ट्यांनी आवळलेला मी. डोक्यावर सौरपट्टी, पोटात सिमकार्ड. मिट्ट काळोखातही मला दिसतं, आणि मला दिसतं ते त्याच क्षणी दूरदूरच्या मोबाइलवर पोहोचतं. मान मात्र मला दिलेली नाही. समोर असेल तेवढंच मी बघतो.

मला इथे बसवलं शहरातल्या एका निसर्गप्रेमी मंडळाने. माझी देखभाल करायला गावातला चुन्नीलाल होता. तो यायचा, माझी काच पुसायचा आणि लोकांनी मोबाइलवर माझ्या चित्राखाली काय काय लिहिलंय ते मोठ्याने वाचायचा. "पाह्य, पुण्याची बाई म्हणते, अस्वलाचं पिल्लू कसं गोंडस हाय! तिले म्हणा, ये ना एकडाव जवळून पाह्यले!" आणि स्वतःच खो खो हसायचा. मी खूश व्हायचो. का होऊ नये? रानगवे, सांबर, अस्वलं, कधीमधी बिबट्या. हजारो लोक झोप मोडून मला बघत होते. खोटं कशाला बोलू, मी चांगलाच शेफारलो होतो.

गावातही माझं कौतुक होतं, आणि सगळ्यात जास्त ओमेशच्या घरी. ओमेश धानाची शेती करायचा. घरात त्याची आई सुलोचनाबाई आणि बायको दुर्गेश्वरी. सगळं गाव जिथे फुलं वेचतं, ते मोहाचं झाड माझ्या खांबाच्या मागे, दहा-बारा पावलांवर आहे. चैत्रात मोहफुलं रात्रभर गळतात आणि उजाडायच्या आत वेचावी लागतात, नाहीतर चितळं फस्त करतात. पूर्वी म्हणे गावच्या बाया घोळक्याने यायच्या. पुढे सुलोचनाबाई, हातात तेलाचा रिकामा डबा, त्यावर काठीने ढणढण बडवत. शेजारची रीता तर इतकी जोरात हसायची की दूरच्या माकडांचीही झोपमोड व्हायची. वाकून फुलं वेचणारं माणूस वाघाला जनावरासारखंच दिसतं, म्हणून हा सगळा गोंगाट.

मी आलो आणि गोंगाट थांबला. ओमेश अंथरुणात पडल्यापडल्या मोबाइल बघायचा आणि बायकोला सांगायचा, "बोडीवर कोनी नाई. जाय बिनधास्त." मग घोळक्याची वाट कोण बघतो? जी आधी पोहोचेल, तिची टोपली भरेल. एकेक बाई एकटी यायला लागली. सुलोचनाबाईने तर कमालच केली. शिवेवरच्या वाघदेवापुढे लावायचा दिवा तिने माझ्या खांबाशी आणून लावला. खांबाला शेंदराचं बोट ओढलं आणि हात जोडून म्हणाली, "आता तूच आमचा राखनदार, बापा. माह्या सुनेवर नजर ठेवजो."

अहो, कसली नजर? मोहाचं झाड माझ्या पाठीमागे! पण हे तिला सांगायला मला तोंड कुठे होतं?

बोडीचं पाणी पाझरून माझ्या मागे एक डबकं साचतं. एका रात्री तिथून श्वास ऐकू आला. जड, सावकाश. मग लपलप पाणी पिण्याचा आवाज. मग पाचोळ्यावर काहीतरी मोठं अंग टाकून बसलं. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. ती वाघीण होती, आणि माझ्यासमोर ती एकदाही आली नाही. मला ऐकू येत होतं, पण मंडळाने माझा आवाज मोबाइलवर बंद ठेवला होता. रातकिड्यांच्या किरकिरीने लोकांचं डोकं उठतं म्हणे!

समोर पाण्यावर आलेली चितळं तेव्हा मान वर करून थबकायची. शेपट्या उभ्या, कान ताठ. पुढचा पाय जमिनीवर आपटायची आणि टक लावून बघायची. चुन्नीलालने लोकांचं लिहिणं वाचून दाखवलं, "किती गोड! थेट आपल्याकडेच बघतात!" मित्रांनो, ती तुमच्याकडे बघत नव्हती हो. माझ्याकडेही नाही. ती माझ्या मागे बघत होती.

आणि एका पहाटे दुर्गेश्वरी एकटी आली. टोपली खाली ठेवल्याचा आवाज आला, मग तिने मोबाइल स्पीकरवर ठेवून घरी फोन लावला.

"पाहून राहिले ना जी?"

"पाहून राहिलो ना," ओमेशचा झोपाळू आवाज आला. "पाच-सहा चितळं हायेत. मस्त कॅमेऱ्याकडं पाहून राहिले."

"आज गंज फुलं पडले, पाय ठेवाले जागा नाई. रीता यायच्या आधी दोन टोपल्या होतेत माह्या."

ती वेचू लागली. फुलं टोपलीत पडत होती, ते मला ऐकू येत होतं. आणि तो श्वासही ऐकू येत होता. समोरच्या चितळाने पाय आपटला. एकदा, दोनदा. पळ गं बाई, पळ! मी मनातल्या मनात नुसता ओरडत होतो. मग चितळाने धोक्याची जोरदार हाक दिली आणि सगळा कळप उधळला.

"दुर्गे, चितळं पयाले," ओमेश म्हणाला. "आता तर बोडीवर कोनीच नाई. वेच आरामात."

पाचोळा एकदाच वाजला. टोपली कलंडली. तिची हाक अर्धीच निघाली.

"दुर्गे? काऊन बोलत नाई वो? दुर्गे?"

मोबाइल पाचोळ्यात पडून बराच वेळ तसाच हाका मारत होता. माझ्यासमोर पाणी शांत होतं, त्यात पहाटेचं आभाळ उतरलं होतं, आणि हजारो लोक ते सुंदर दृश्य बघत होते.

दुर्गेश्वरी गेली. त्या दिवशी सुलोचनाबाई माझ्या खांबाला धरून ज्या आवाजात रडली, तो आवाज मला विसरता येत नाही. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती फक्त विचारत राहिली, "तुले काऊन नाई दिसलं, बापा? काऊन नाई दिसलं?"

काही दिवसांनी वाघीण पिंजऱ्यात सापडली आणि तिला नेलं. गावाने मंडळाला सांगितलं, कॅमेरा मोहाकडे फिरवा. चुन्नीलालने पट्ट्या सोडल्या आणि मला अर्धा फिरवून पुन्हा आवळलं. लोकांचं समाधान झालं. आता मला मोहाचं झाड दिसतं, आणि बोडी माझ्या पाठीशी आहे.

यंदाच्या चैत्रात सुरुवातीला बाया घोळक्यानेच आल्या. चार दिवस. मग कोणीतरी म्हणालं, वाघीण तर नेली, आणि आता तर झाडच मोबाइलवर दिसते, मग भ्यायचं कायले?

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी चार शब्द शहाणपणाचे सांगायचे असतात. माझी काच पुसत जा, मला जपा, वगैरे. आज मला तेवढी सवड नाही. पहाट होते आहे. समोर मोहाखाली फुलांचा सडा पडला आहे आणि तिथे कोणीही नाही. हेच चित्र बघून रीता घरून निघाली असेल.

आणि माझ्या मागे, बोडीवर, कोणीतरी तसंच लपलप पाणी पीत होतं. ते आत्ता थांबलं.

तुमच्यापैकी कोणी मला बघत असेल, तर बघत बसू नका. चुन्नीलालला उठवा, ओमेशला उठवा, कोणालाही उठवा, पण रीताला फोन करून मागे फिरायला सांगा. लवकर करा. वाटेवर तिच्या बांगड्या वाजताहेत.