एकतीस नकला

सुधाकररावांनी बत्तीस वर्षं तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली, आणि रिटायर झाल्यावर ती रेकॉर्ड रूम डोक्यात घेऊनच ते दवाखान्यात आले. आदिलाबादचा हा छोटा धर्मादाय दवाखाना सिकलसेलच्या पेशंटांचा. तामसी, इंद्रवेल्लीकडून लोक यायचे. सुधाकरराव तिथले व्यवस्थापक, हर्षदीप कॉम्प्युटर सांभाळणारा. त्याला ही नोकरी सुधाकरकाकांनीच लावून दिलेली, म्हणून काकांपुढे त्याच्या तोंडाला कुलूप.

काकांचा नियम एकच. "असल कागदाले हात लावायच्या आधी नक्कल ठेवायची." सगळ्या पेशंटांच्या नोंदी एका व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये होत्या. तिला साधा प्रिंटर जोडायचा म्हटलं तरी आधी स्नॅपशॉट, म्हणजे मशीन त्या घडीला जशी आहे तशी जपून ठेवायची. हर्षदीप तो घ्यायचा, काका वहीत तारीख टाकायचे. जुने काढून टाकू का, असं विचारलं की डोळे वटारायचे, "काऊन? तुले खायले मागते का ते?"

अहो, मागतच होतं! डिस्क खात होतं. हर्षदीप रोज सकाळी उरलेली जागा बघायचा. चाळीस जीबी, बावीस, नऊ. तीन महिन्यांत दोनदा काकांशी बोलायला गेला आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परत आला. हुशारीला कमी नव्हती पोराच्या, पण काय चाटायची ती हुशारी?

मंगळवारी सकाळी दहाला डिस्क गच्च भरली आणि मशीन बंद पडली. स्नॅपशॉट झाले होते एकतीस. नेमका तेव्हाच नागपूरहून भागीरथामावशीचा फोन आला. मावशी तामसीकडची, दुसऱ्याच्या वावरात राबून पोरगी शिकवणारी. ती पोरगी, बावीस वर्षांची शुभांगी, दोन दिवसांपासून नागपूरला भरती होती.

"जय भीम बेटा. शुभीले रक्त द्याचं म्हणून राह्यले. डाक्टर इचारते, मागं कोणतं रक्त सोसलं नाई ते सांगा. आताच्या तपासणीत काई दिसत नाई. पण जुनं काई न सोसणारं असंल तं ते लपून बसते म्हणते, अन् तेच रक्त पुन्हा गेलं तं जीवावर येते."

हर्षदीपला सगळं आठवलं. चार वर्षांपूर्वी न सोसणाऱ्या रक्तानं शुभांगी मरता मरता वाचली होती. रक्तगटाच्याही पलीकडचं काय तिला चालत नाही, ते हैदराबादच्या एका लॅबनं शोधून काढलं होतं. ती लॅब आता बंद. नोंदीत शुभांगीच्या नावापुढे दोन-तीन अक्षरं होती खरी, पण कोणती, ते कोणाला पाठ असणार?

"मावशी, दोन तास द्या. काढून देतो."

"थांबतीन म्हणते दोन तास. घाई नको करू बेटा, पण कर."

होण्यासारखं होतं. मोठी डिस्क आणायची, सगळं तिच्यावर उचलून न्यायचं, मशीन पुन्हा चालू करायची. दुकान पलीकडच्या चौकात. निघताना हर्षदीपला म्हणायचं होतं, काका, तोवर कशालाच हात लावू नका. पण वडीलधाऱ्या माणसाला असं कसं म्हणायचं? तो म्हणाला, "काका, मी आलोच."

अर्ध्या तासात तो परतला. काका त्याच्याच खुर्चीत बसलेले, चेहऱ्यावर समाधान.

"घे, तुयी जागा करून देल्ली! पोरीचा जीव अटकला, अन् मी काय नुसता बसून राहू? पासवर्ड होताच वहीत. जुन्यात जुन्या तीन फाइली तलफ करून टाकल्या, पार पुसून. दफ्तरात जागा नसली की आमी तेच करत होतो. जुनं जाळायचं, नवं ठेवायचं. बत्तीस वर्षांत एकडाव चुकलो नाई."

हर्षदीपनं स्क्रीनवरची फाइलींची यादी पाहिली. स्नॅपशॉट म्हणजे नक्कल नसतेच मुळी. तो घेतला की जुनी फाइल आहे तशी गोठते, आणि पुढचं सगळं तिच्या डोक्यावरच्या नव्या फाइलीत लिहिलं जातं. नवीत फक्त नंतरचा फरक. उतरंडीच्या तळाचं मडकं ओढलं की वरच्यांचं जे होतं, तेच झालं होतं.

"पण अठ्ठावीस तं हायेत ना अजून?" काकांनी विचारलं.

"त्याईचा उपयोग नाई काका. शुभांगी तळाच्या फाइलीत होती."

काकांनी वही मिटली. "तुले हे माहीत होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काऊन नाई रे, बाबू?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. हर्षदीप खाली बसला आणि जे जे येत होतं ते करून पाहिलं. पुसलेलं परत आणणारी दोन सॉफ्टवेअर चालवली, करीमनगरच्या मित्राला फोन लावला. काही म्हणजे काही निघालं नाही. बाराला फोन वाजला.

"सापडलं का बेटा?"

"मावशी, ते तुमच्याकडचं कागदाचं कार्ड? त्याच्यावर लिहिलेलं असंल."

"ते तं तूच जमा करून घेतलं ना रे मागच्या साली. आता सारं कॉम्प्युटरात हाय, कागद सांभाळाची गरज नाई, म्हणला होता."

म्हणाला होता खरा. दोन पोती कार्डं गोळा केली होती, आणि काकांनी ती मागच्या अंगणात जाळली होती.

"मावशी, नोंद गेली. आमच्या हातून गेली. आता कुठंच नाई."

पलीकडे कोणीतरी हिंदीत घाई करत होतं. मावशीचा आवाज बारीक झाला. "डाक्टर सहीचा कागद घेऊन उभे हायेत. जे जुळते ते देतो, पुढचं आमच्यावर नाई, असं लिहेल हाय म्हणते. अन् नाई देल्लं तं पोरगी सांजलोक टिकत नाई. तू शिकेल हाय, तूच सांग बेटा. करू का सही?"

हर्षदीपनं काकांकडे पाहिलं.

"करा मावशी," तो म्हणाला.

फोन बंद करायचं मावशीच्या ध्यानात राहिलं नसावं. हर्षदीप कानाला लावून उभाच राहिला. ती कोणाला तरी विचारत होती, "कुठं करू सही?"