दहा जणींचा भाव

झरीतल्या बायकांना सकाळी उंबरगावच्या कंपनीत सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हे माझं काम. गाडी माझी स्वतःची, इको. आसनं सात आणि बायका दहा, पण त्यावरून कधी भांडण झालं नाही. पुढच्या सीटवर हर्षदावहिनी बसायची. माझ्या मित्राची, मुकेशची बायको. मुकेश पोरबंदरला बोटीवर खलाशी आहे. नारळी पौर्णिमा झाली की जातो, तो पावसाच्या तोंडावरच परत येतो. घर वहिनीच चालवते. घरात सासू लाडकीबाई, शाळेत जाणारी मुलगी आणि दोन बकऱ्या.

कंपनी केसांच्या क्लिपा बनवायची. वहिनी तिथे नऊ वर्षं पॅकिंगला होती. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी सुट्टीच्या वेळी सुपरवायझर गेटवर आला आणि म्हणाला, "सोमवारथी नहीं आवता, बेन. ऑर्डर नथी."

सोमवारपासून यायचं नाही, मग परत कधी यायचं, ते कोणी सांगेना. बायका ठेकेदाराच्या माणसामार्फत लागलेल्या, त्यामुळे कंपनी म्हणाली त्याला विचारा, आणि त्याचा फोन बंद.

परतीच्या वाटेवर एरवी गाडीत इतका गोंगाट असतो, की मागच्या गाडीनं हॉर्न दिला तरी मला कळत नाही. त्या दिवशी सगळ्या गप्प. फक्त मागे सुकी हुंदके देत होती. दहा जणींत तीच सगळ्यांत लहान. तिचा नवरा तुक्या बिल्डिंगच्या कामावर पडला होता आणि प्लास्टर घालून घरी होता. वहिनी मागे वळून म्हणाली, "सुके, रडायचं तर घरी जाऊन रड. इथं एकीनं सुरू केलं की सगळ्यांना लागेल." तिघीचौघी हसल्या. सुकीही हसली, रडता रडता.

पुढचे काही दिवस सगळ्यांचे सारखेच गेले. घरातलं तेल जपून वापरायचं, गॅस पाहुण्यांसाठी ठेवायचा, पुन्हा लाकडं आणायची. माझी गाडी दारात उभी. मग एका सकाळी वहिनी आली आणि म्हणाली, "तुषार, गाडी काढ. तलासरी नाक्यावर सोड आम्हाला. काम मिळालं तर भाडं देऊ, नाय मिळालं तर परत आण."

नाक्यावर काम कसं मिळतं, ते मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिलं. पिकअप येऊन थांबतो. माणूस खालीसुद्धा उतरत नाही. खिडकीतून बोट करतो, "तू, तू आणि ती मागची." मजुरी किती, असं एखादीनं विचारलं की तो उलट विचारतो, "तू किती घेशील?" एकीनं आकडा सांगितला की दुसरी त्याहून कमी सांगते, तिसरी त्याहून कमी. सगळ्यांत कमी सांगणारी गाडीत चढते. आमच्या दहा जणींनीही तेच केलं. शेजारीणच शेजारणीचा भाव पाडत होती. संध्याकाळी गाडीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

वहिनीनं घरी गेल्यावर सासूला हे सगळं सांगितलं. मी पाणी प्यायला थांबलो होतो. लाडकीबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तेलाचा भाव तेलवाला सांगतो. डाळीचा भाव डाळवाला. मग आपल्या हाताचा भाव गिऱ्हाईक कशाला सांगतं?"

वहिनी उठली आणि नऊ घरं फिरून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत ठरलं. बोलेल ती फक्त वहिनी. भाव एकच, सगळ्यांना सारखा. घेतलं तर दहा जणींना घ्यायचं, नाहीतर कुणालाच नाही. माझं गाडीभाडं कामवाल्यानं द्यायचं आणि मजुरी रोजच्या रोज.

"आणि कोणी घेतलंच नाय तर?" सुकीनं विचारलं.

"घेतील. आज नाय घेतलं तर उद्या घेतील."

त्या दिवशी कोणी घेतलं नाही. पिकअपवाले यायचे, वहिनीचं ऐकायचे, हसायचे आणि पलीकडे उभ्या असलेल्या उधवा गावच्या बायकांना घेऊन जायचे. दुसऱ्या दिवशीही तसंच. ऊन चढेपर्यंत उभं राहायचं आणि परत फिरायचं. तिसऱ्या दिवशी बोर्डीकडच्या जतीनशेठचा पिकअप आला. त्याची चिकूची मोठी वाडी आहे. ड्रायव्हरनं चार जणी मागितल्या. वहिनीनं दहा सांगितल्या. तो पुढे सरकला, उधव्याच्या तिघी चढल्या, आणि चौथी म्हणून आमची सुकी चढली. आमच्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

मग मात्र बायका भडकल्या. "उद्यापासून तिला गाडीत घ्यायचं नाय, तुषार," असं तिघींनी मला वेगवेगळं बजावलं.

संध्याकाळी वहिनी माझ्या दारात आली. हातात तांदळाची पिशवी, मागे लाडकीबाई. "चल, सुकीकडे जाऊन येऊ."

मला वाटलं, आता खडाजंगी होणार. सुकी आम्हाला बघून दारातच उभी राहिली. आत खाटेवर तुक्या पडलेला. त्यानं मान भिंतीकडे वळवली.

"काय बोलायचं ते बोला, वहिनी," सुकी म्हणाली.

"बोलायला नाय आले. चूल पेटली का ते बघायला आले."

सुकीचा बांध फुटला. आदल्या रात्रीच घरातलं पीठ संपलं होतं. सकाळी पोरांना नुसता कोरा चहा देऊन ती निघाली होती. "सांगायला लाज वाटली," ती म्हणाली.

"लाज कसली?" लाडकीबाई म्हणाली. "आमच्या वेळी ज्याच्या घरात धूर दिसला नाय, त्याच्याकडे माणसं आपणहून जायची. आता सगळ्यांनी दारं लावून घेतलीत."

वहिनी खाली बसली. "चूक तुझी नाय. मी भाव ठरवला, पण भाव मिळेपर्यंत खायचं काय, ते ठरवलंच नाय."

मग ते तिथेच ठरलं. नऊ घरांनी जमेल तेवढे तांदूळ लाडकीबाईच्या कणगीत टाकायचे. ज्या घरात संपेल त्या घरानं तिथून न्यायचे, न लाजता. कुणी किती टाकले आणि कुणी किती नेले, ते विचारायचं नाही. भडकलेल्या तिघींपैकी एकीनंच सगळ्यांत आधी भरलेलं पातेलं आणून ओतलं.

निघताना सुकी म्हणाली, "वहिनी, शेठच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाय. कायमच्या बायका वापीला गेल्यात कामाला. झाडांवरून माल उतरलाय, तो तसाच पडलाय. आम्ही चौघींनी मरमर केलं तरी निम्मापण झाला नाय. चिकू मऊ पडायला लागलाय. दिल्लीची गाडी अर्धी रिकामी गेली."

"आणि उधव्याच्या बायका?"

"बायजी होती ना, त्यांच्यातली मोठी. तिनं विचारलं, तुम्ही नाक्यावर येऊन नुसत्या उभ्या का राहता? मी सगळं सांगितलं."

"काय म्हणाली?"

"काय नाय म्हणाली. ऐकून घेतलं."

सकाळी नाक्यावर जतीनशेठ स्वतः आला. चाळिशीचा माणूस, चेहऱ्यावर जागरण. खाली उतरला आणि थेट वहिनीसमोर येऊन उभा राहिला.

"चार जणी द्या."

"दहा आहोत, शेठ."

"दहाचं काय करू मी?"

"शेडमधला माल आज भराल. चार जणींवर ठेवलात तर उद्या फेकाल."

त्यानं सुकीकडे बघितलं. सुकीनं नजर खाली घातली नाही. "बरं, भाव?" तो म्हणाला.

वहिनीनं भाव सांगितला. तो हसला. "एवढा भाव नाक्यावर कोणी देत नाही, बेन."

"कोणी मागत नव्हतं म्हणून."

तो तडक पलीकडे गेला, उधव्याच्या बायकांकडे. पंधरा-वीस बायका होत्या तिथे. त्यांतल्या चार-पाच जरी गाडीत चढल्या असत्या, तरी आमचं सगळं मोडलं असतं. वहिनीनं माझ्या गाडीचं दार घट्ट धरून ठेवलं होतं. बायजी पदर खोचून उभी होती. शेठ काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण बायजीचा आवाज रस्त्याच्या अलीकडे स्पष्ट आला.

"भाव तिकडं विचार. ती सांगेल तोच आमचा पण."

शेठ मागे वळला. मागे एक ट्रक हॉर्न देत होता, त्याच्याकडेही त्याचं लक्ष नव्हतं. परत येऊन तो माझ्या गाडीला टेकला.

"मलाही परवडलं पाहिजे ना," तो म्हणाला. आवाज बदलला होता. "खत महाग, खोकी महाग, डिझेल महाग. दिल्लीचा व्यापारी मला दमडी वाढवून देत नाही. फोनवरच सांगतो, एवढ्याला द्यायचं तर दे, नाहीतर शेजारच्या वाडीतून घेतो."

"मग तुम्ही वाडीवाले त्याच्याकडे एकेकटे का जाता?" वहिनी म्हणाली.

शेठनं तिच्याकडे बघितलं, आणि नकळत हसला. मग बोलणी झाली. वहिनी थोडी खाली आली, तो बराच वर आला. माझं भाडं मात्र त्यानं मुकाट्यानं कबूल केलं. वहिनीनं शेवटी अजून एक अट घातली, "बायकांना संडासाला वाडीच्या मागे जावं लागतंय, असं सुकी सांगते. कामगारांसाठी दार असलेल्या संडासाची सोय करा." ते ऐकून शेठ ओशाळला. आठवड्यात त्यानं ती केलीही. आणि दहा जणींनी होणार नाही हे त्यालाच कळत होतं, म्हणून बायजीच्या बायकांनाही त्यानं त्याच भावानं घेतलं.

त्या दिवशी शेडमध्ये मी दुपारपर्यंत थांबलो. एका बाजूला चिकू धुतायत, मग लहान-मोठा वेगळा करतायत, पुढे खोक्यात कागद घालून भरतायत. आमच्या बायकांनी कंपनीतल्यासारखी रांग लावली, पण सुपरवायझर नव्हता, त्यामुळे गाणी सुरू होती. दिल्लीची गाडी भरून गेली.

रोज काम मिळालं, असं मी म्हणणार नाही. काही सकाळी नाक्यावरून रिकामे परतलो. पण नंतर कुणी गाडीच्या खिडकीतून बोट करून "तू, तू आणि ती" म्हटलं नाही. वाडीवाले वहिनीला आदल्या दिवशी फोन करायला लागले. ती आपल्या बायकांना आणि बायजीला सांगायची, बायजी तिच्या बायकांना.

संक्रांतीनंतर कंपनीच्या ठेकेदाराचा फोन आला. वहिनीनं गाडीतच, सगळ्यांसमोर स्पीकरवर टाकला.

"हर्षदाबेन, ऑर्डर आली आहे. तुम्ही या. तुमच्यासारखी पॅकिंगवाली नाही."

"आणि बाकीच्या?"

"आधी तुम्ही या, मग बघू."

"बघू नाय. कोण कोण, किती पगारावर आणि काम बंद केलंत तर किती दिवस आधी सांगाल, ते ठरवून फोन करा." तिनं फोन ठेवला. दोन दिवसांनी त्याचा परत फोन आला. तिघींना महिन्याचा बांधलेला पगार हवा होता. वहिनीनंच त्यांच्यासाठी सगळं ठरवून घेतलं आणि त्यांना पाठवलं. स्वतः गेली नाही. "इथं मी जास्त कामाची आहे," एवढंच म्हणाली. त्यांच्या जागी बायजीची सून आणि गावातल्या आणखी दोघी आल्या.

होळीच्या आधीच्या शनिवारी बायकांनी मला गाडी तलासरी बाजारात घ्यायला लावली. दरवेळी सुटं तेल आणि पावशेर डाळ घ्यायची, म्हणून दुकानदार देईल त्या भावात घ्यावी लागायची. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून तेलाचा अख्खा डबा आणि तूरडाळीचं पोतं मागितलं. दुकानदार म्हणाला, "कोणाचं लग्न आहे?"

"होळी आहे, भाई," सुकी म्हणाली. "आणि भाव नीट लाव. दहा घरांचं गिऱ्हाईक आहे."

त्यानं लावला.

वहिनीच्या अंगणात डबा फोडला तेव्हा सूर्य मावळत होता. लाडकीबाई पळी घेऊन बसली. भोवती बायका, हातात डबे, बाटल्या, एकीच्या हातात तर कळशी. कुणाची बाटली बारीक, कुणाचा डबा पसरट, त्यामुळे कुणाला जास्त गेलं यावर भांडण जुंपलं. दहा वाटे झाले. डब्याच्या तळाशी थोडं तेल उरलं. ते कुणी घ्यायचं यावर पुन्हा गलका.

"ते तुषारचं," वहिनी म्हणाली. "त्याची गाडी पण राबते."

मी घरी पळत जाऊन बाटली घेऊन आलो.